वरचा पोर्शन

जबलपूरहून कटनीच्या रस्त्याला लागलं की आधी आधारताल येतं, मग सुहागी आणि त्यापुढे महाराजपूर. शहर इथे संपलेलं नाही आणि गाव अजून पुरतं गेलेलं नाही. रस्त्यालगत दुकानं, आतल्या बाजूला कॉलन्या, कॉलन्यांच्या मध्ये एखादं शेत अजून उभं. घरं बहुतेक एकाच धाटणीची. खालचा मजला रंगवलेला, फाटकावर मालकाच्या नावाची पाटी, वरचा मजला कधी पूर्ण, कधी नुसत्या विटांचा आणि गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच सोडलेल्या. बघण्यासारखा असतो तो जिना. तो घराच्या बाहेरून काढलेला असला की समजावं, वरचा मजला भाड्याने द्यायचा बेत पायाच्या पहिल्या विटेपासूनच होता.

माझ्या भाचीला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. १९६४ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आधारतालला आहे, त्यामुळे घर उत्तरेकडच्या याच पट्ट्यात हवं होतं. वर्ध्याची मुलगी, एकटी राहणार, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणार, रात्री उशिरापर्यंत अभ्यास. एक झोपायची खोली, एक बसायची, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम एवढंच तिला हवं होतं. पुण्यात किंवा नागपुरात दलालाला ‘वन बीएचके’ म्हटलं की तो सोसायटी, मजला आणि पार्किंग सांगायला लागतो. महाराजपुरात आम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं गेलं, ‘पोर्शन देखेंगे क्या?’

पोर्शन म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घराचा तुकडा. इथे एका खोलीचं घर भाड्यासाठी म्हणून कुणी बिल्डर बांधत नाही. तो दोन-तीन बेडरूमचे फ्लॅट नाहीतर डुप्लेक्स बांधतो, कारण त्यालाच विकत घेणारे मिळतात. छोटं घर उभं राहतं ते निवृत्त माणसाच्या पैशातून, त्याच्याच डोक्यावर. जबलपूरमधलं भाड्याचं घर समजून घ्यायचं तर आधी हा निवृत्त माणूस समजून घ्यावा लागतो.

हे शहर कारखान्यांनी वाढवलं. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आली. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी. कामगारांना इस्टेटीत क्वार्टर मिळे. नोकरी असेपर्यंत छप्पर, शाळा, दवाखाना सगळं कारखान्याचं. निवृत्त झालं की ठरावीक मुदतीत क्वार्टर सोडायचं. तीस-पस्तीस वर्षं जिथे संसार झाला तिथून सामान हलवायचं. म्हणून नोकरीच्या शेवटच्या वर्षांत रांझी, आधारताल, सुहागी, महाराजपूर या बाजूंना प्लॉट घ्यायचा, ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी आला की खालचा मजला बांधायचा आणि हात पुरला तर वरचाही. खालच्या मजल्यावर म्हातारपण, वरच्या मजल्यावर उत्पन्न.

यात २००४ ची रेघ महत्त्वाची आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या नेमणुकांना, सैन्यदलं वगळता, जुनी हमीची पेन्शन बंद झाली आणि राष्ट्रीय पेन्शन योजना आली. त्याआधी लागलेल्यांना वरच्या मजल्याचं भाडं ही जोड होती. नंतर लागलेल्यांच्या हिशेबात ती म्हातारपणाची मुख्य तरतूद होऊ लागली आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. खमरियाचा कारखाना गेला म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे, आणि त्या कंपनीचं मुख्यालय आहे पुण्यात. खडकी, वरणगाव, भंडारा, चांदा इथल्या कारखान्यांशी आता त्याचं एकच घर झालं. तेव्हा महाराजपूरच्या एखाद्या जिन्यावर मराठी ऐकू आलं तर नवल वाटू नये.

तसं ते पूर्वीही ऐकू येतच होतं. सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडल्याचं राज्य घेतलं. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतलं. त्या काळापासून इथे मराठी घरं आहेत. गोलबाजारात दत्तमंदिर आहे, महाराष्ट्र शाळा आहे. पण भाडेकरूंच्या इतिहासात मला मोठी वाटते ती १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख. त्या दिवसापर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, नवी राजधानी भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. हिदायतुल्ला हेच नव्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपुरात आले. न्यायाधीशांना बंगले मिळाले असतील. त्यांच्या मागोमाग वकील, मुन्शी, लघुलेखक, कारकून असा सगळा गोतावळा यायचा, आणि त्यांना हव्या होत्या दोन खोल्या. नागपुरातल्या महाल नाहीतर धंतोलीतलं बिऱ्हाड उचलून जबलपुरात नेपियर टाऊनला किंवा गोलबाजारात मांडणाऱ्या त्या कुटुंबांबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलं. ती माणसं आली तेव्हा भाडेकरू होती. त्यांची नातवंडं आज घरमालक आहेत.

त्या माणसांना नागपूर सोडून जबलपुरात आल्यावर एक गोष्ट मात्र बदललेली दिसली नसेल. ती म्हणजे भाड्याचा कायदा. नागपूर आणि जबलपूर दोन्ही शहरं ‘सीपी अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर, १९४९’ या एकाच आदेशाखाली होती. रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय घरमालकाला भाडेकरूला घर सोडण्याची नोटीससुद्धा देता येत नसे. घर रिकामं झालं तर ते सरकारदरबारी कळवावं लागे आणि सरकारी नोकराला ते लावून देण्याचा अधिकार प्रशासनाकडे असे. युद्धानंतरच्या घरटंचाईतली ही व्यवस्था होती. मध्य प्रदेशाने १९६१ मध्ये स्वतःचा ‘स्थान नियंत्रण अधिनियम’ केला. विदर्भात मात्र तो १९४९ चा आदेश ३१ मार्च २००० पर्यंत चालला. त्या दिवशी महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. एका कायद्यातून निघालेली ही दोन शहरं आज भाड्याच्या बाबतीत निरनिराळ्या वाटांवर आहेत, आणि भाचीसाठी घर शोधताना हा फरक आम्हाला पावलोपावली भेटला.

१९६१ चा कायदा कागदावर भाडेकरूच्या बाजूचा आहे. ठरलेल्या कारणांशिवाय घरमालक घर खाली करून घेऊ शकत नाही. भाडं थकलं तर मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत ते भरायची संधी आहे. दावा लागला तरी समन्स मिळाल्यावर महिन्याभरात थकबाकी न्यायालयात भरली आणि पुढचं भाडं दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावरून संरक्षण मिळतं. पागडी घ्यायला बंदी आहे. भाडे नियंत्रण अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय एका महिन्याहून जास्त भाडं आगाऊ मागायलाही बंदी आहे. पाणी-वीज तोडून भाडेकरूला हुसकावता येत नाही. हे सगळं वाचून मी भाचीला सांगितलं की तू चांगल्या राज्यात आलीस. पण संरक्षण जितकं जाड, तितकं घर देणाऱ्याचं मन पातळ होतं. दावा किती वर्षं चालेल या धास्तीने माणसं वरचा मजला कुलूप लावून ठेवतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये १ कोटी १० लाखांहून अधिक घरं रिकामी आढळली, आणि त्याच जनगणनेत शहरी कुटुंबांपैकी सुमारे साडेसत्तावीस टक्के भाड्याने राहत होती. एकीकडे कुलपं आणि दुसरीकडे जिने चढून दमलेली माणसं. कायद्याच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण या कुलपांचा दोष थोडा त्याच्याकडेही जातो.

मध्य प्रदेशाने ही धास्ती ओळखली होती. १९८३ मध्ये या कायद्यात एक नवं प्रकरण घातलं गेलं. सरकारी नोकरीतून किंवा सरकारी कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, सैन्यातून निवृत्त झालेला, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री, अपंग व्यक्ती असे घरमालक स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी घर परत मागत असतील, तर त्यांनी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं फिरायची गरज नाही. ते थेट भाडे नियंत्रण अधिकाऱ्याकडे जाऊ शकतात आणि भाडेकरूला बचाव मांडण्यासाठी पंधरा दिवसांत परवानगी मागावी लागते. महाराजपूरच्या फाटकांवरच्या पाट्या वाचा: निवृत्त फोरमन, निवृत्त चार्जमन, निवृत्त सुभेदार. कायद्याने जणू याच गल्लीसाठी हे प्रकरण लिहिलं होतं. आणि आम्ही ज्या ज्या घरमालकांशी बोललो, त्यांच्यापैकी एकालाही ते माहीत नव्हतं. त्यांना माहीत होता तो एकच उपाय, अकरा महिन्यांचा किरायानामा.

अकरा महिन्यांची गोष्ट सगळ्या देशात सारखी. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून मुदत अकरा महिने लिहायची, मुद्रांकाच्या कागदावर नोटरीचा शिक्का घ्यायचा आणि काम झालं म्हणायचं. घरमालकांचा समज असा की अकरा महिने संपले की भाडेकरू आपोआप बाहेर. तसं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या अँथनी विरुद्ध के. सी. इट्टूप या निकालात स्पष्ट केलं की नोंदणीशिवायचा पट्टा अवैध ठरला तरी ताबा दिला आणि भाडं घेतलं एवढ्यावरून महिन्यामहिन्याची भाडेदारी उभी राहते. म्हणजे मुदत संपूनही माणूस राहत राहिला आणि मालक भाडं घेत राहिला तर नातं चालूच असतं, आणि १९६१ चा कायदा त्या नात्याला लागूच राहतो. नोटरीच्या कागदाने मालकाची झोप सुधारते, हक्क सुधारत नाही. भाडेकरूचंही तेच. अनामत किती दिली, ती कधी परत मिळणार, रंगाचे पैसे कापणार का, हे त्या छापील मसुद्यात नसतंच. नोटरीच्या टेबलावर आम्ही जे मसुदे पाहिले त्यांत भाडेकरूवरच्या अटींनी पान भरलेलं होतं आणि मालकावरची अट शोधावी लागत होती.

महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने एक चांगली गोष्ट केली. घर भाड्याने द्या की लिव्ह अँड लायसन्सवर द्या, करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. त्यामुळे पुण्या-मुंबईत घरी येऊन अंगठ्याचा ठसा घेऊन ऑनलाइन नोंदणी करणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला. अकरा महिन्यांचाही करार तिथे नोंदवतात. जबलपुरात अकरा महिन्यांचा करार नोंदवू म्हटलं की समोरच्याला वाटतं, ही मंडळी भांडायच्या तयारीने आली आहेत.

पैशाकडे येतो. आधी पगार. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यासाठी जबलपूर ‘वाय’ वर्गात आहे, नागपूरसारखंच. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांना पोचल्यावर, जानेवारी २०२४ पासून, या वर्गाचा भत्ता मूळ पगाराच्या वीस टक्के झाला. अठरा हजार मूळ पगाराचा नवा कामगार घ्या. त्याला भाड्यासाठी मिळतात तीन हजार सहाशे. पस्तीस हजार चारशे मूळ पगार असलेल्याला सात हजार ऐंशी. आम्हाला महाराजपुरात बऱ्यापैकी एका बेडरूमचा पोर्शन सात हजारांच्या आसपास सांगितला गेला. म्हणजे कारखान्यात किंवा रेल्वेत नुकता लागलेला कामगार भत्त्याच्या जोरावर हे घर घेऊ शकत नाही. तो दोघातिघांत मिळून राहतो, नाहीतर बाहेर संडास असलेली एक खोली घेतो.

भाड्याचा आकडा आठ हजारांच्या अलीकडे का थबकतो, याचं एक कारण आयकरात आहे. जुन्या कर पद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट घेताना वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. एक लाखाला बाराने भागा, महिन्याला आठ हजार तीनशे तेहतीस येतात. ज्यांना भाड्याचं उत्पन्न दाखवायचं नसतं ते आठ हजारांवर थांबतात आणि बाकीचे पैसे ‘मेंटेनन्स’ म्हणून रोख मागतात. निवृत्त माणसाने खरं तर घाबरायचं कारण नाही. भाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते आणि लहान पेन्शनरला बहुतेक वेळा कर लागतच नाही. भीती करापेक्षा कागदाची जास्त आहे. पॅन दिला की आपण कुणाच्या तरी नजरेत आलो, असं त्यांना वाटतं.

विजेचा हिशेब तर याहून बोचरा. मध्य प्रदेशात महिन्याला दीडशे युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घरगुती ग्राहकाला पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत मिळतात. ही सवलत मीटरमागे आहे. पोर्शनमध्ये राहणाऱ्याला स्वतःचं मीटर नसतं, असतो तो सबमीटर, मालकाच्या जोडणीवर टांगलेला. खालचा कूलर, वरचा कूलर, पाण्याचा पंप असा सगळा वापर एका मीटरवर आला की दीडशेचा आकडा कधीच ओलांडला जातो आणि दोन्ही घरांची सवलत जाते. वर मालक युनिटमागे सरसकट दर लावतो. एकटी राहणारी मुलगी, जिचा वापर महिन्याला साठ-सत्तर युनिटं असेल, ती शहरातल्या बंगलेवाल्याइतक्या दराने वीज घेते. गरिबासाठी केलेली योजना नेमक्या भाडेकरूपाशी येऊन अडते हे मला फार लागलं. आमच्या यादीत म्हणून पहिला प्रश्न मीटरचा होता, भाड्याचा दुसरा.

तिसरा पाण्याचा. महाराजपूर, पनागर, पाटण हा सगळा काळ्या जमिनीचा प्रदेश. जबलपूर-नरसिंहपूर भागातल्या या पट्ट्याला ‘हवेली’ म्हणतात. पावसाळ्यात शेतांना उंच बांध घालून पाणी कोंडून ठेवायचं, दसऱ्याच्या सुमाराला ते सोडून द्यायचं आणि ओल असलेल्या जमिनीत गहू, हरभरा, मटार पेरायचा, अशी इथली जुनी पद्धत. जबलपूरचा मटार देशभर जातो. शतकानुशतकं पाणी धरायलाच शिकलेल्या या जमिनीवर प्लॉट पडले. बांध फुटले, पाण्याची वाट बुजली, पण जमिनीचा गुण गेला नाही. पावसाळ्यात काही गल्ल्यांत घोट्याएवढं पाणी का साचतं, याचं उत्तर या शेतांत आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यामुळे पाया उथळ असेल तर कुंपणाच्या भिंती आधी तडकतात आणि मग घराच्या. आधारतालचं नावही पाण्यावरूनच आलेलं. गोंड राणी दुर्गावतीचे मंत्री आधारसिंह यांच्या नावाचा तो तलाव. गोंडांच्या काळात या शहरात बावन्न तलाव होते असं सांगतात. घर बघायला जावं ते पावसाळ्यात, आणि जमलं नाही तर भिंतीवरची ओलीची रेघ बघावी. रंग नवा असला तर जिन्याखालची भिंत बघावी, तिथे सहसा रंग लावत नाहीत.

भिंतींकडे बघायला जबलपूरकरांना वेगळं शिकवावं लागत नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे साडेचारच्या आत इथे भूकंप झाला, सहाच्या आसपास तीव्रतेचा. अडतीस-चाळीस माणसं गेली, हजारो घरं तडकली. जुन्या घरमालकांना वर्ष विचारलं की ते ‘भूकंप के पहले का’ किंवा ‘भूकंप के बाद का’ असं सांगतात. आम्हीही तसंच विचारायला लागलो.

आता सगळ्यात अवघड भाग. महाराजपुरातल्या जवळपास प्रत्येक फाटकावर पहिला प्रश्न होता, ‘फॅमिली है?’ मुलगी एकटी आहे म्हटलं की काही जण दार उघडं ठेवून नकार देत, काही जण पाणी देऊन. दुसरा प्रश्न खाण्याचा. तिसरा आडनावाचा. आमचं मराठी आडनाव त्यांना लागत नसे, म्हणून मग सरळ विचारणा होई, ‘आप लोग कौन होते हैं?’ त्या प्रश्नाचं उत्तर जातच असतं. आम्हाला उत्तर देऊन पुढे जाता आलं. ज्यांना त्या उत्तरावरच परत फिरावं लागतं, मुसलमान कुटुंबं असोत की दलित मुलं असोत, त्यांचा घरशोध किती लांबत असेल याचा विचार त्या दिवसांत सारखा मनात येत होता. कायदा इथे गप्प आहे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, घाट यांचा उल्लेख आहे, खासगी घर भाड्याने देण्याचा नाही. २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्थेचं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपनियम ग्राह्य धरला. घरभाडं हा रोजच्या जगण्याचा प्रश्न असताना जात विचारून दार लावण्याला कसलाच अटकाव नसावा, हे मला पटत नाही. भाड्याचा नवा कायदा कुठल्याही राज्याने केला तर त्यात पहिलं कलम हे असावं.

नवा कायदा करायचा नमुना तयार आहेच. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, घरमालकाला घरात यायचं तर चोवीस तास आधी कळवायला हवं, करार संपल्यावरही घर न सोडणाऱ्या भाडेकरूला पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं, तंट्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण. दोन्ही बाजूंना काहीतरी देणारा हा मसुदा मला बराच समतोल वाटतो. जातिधर्माबद्दल त्यातही काही नाही. आणि घरबांधणी हा राज्यांचा विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत मजूर पायी गावी निघाले तेव्हा सरकारला भाड्याच्या घरांची आठवण झाली. त्या जुलैत परवडणाऱ्या भाडे संकुलांची योजना मंजूर झाली, २०२४ मध्ये पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांना वेगळी जागा मिळाली. तरीही आजवर घराच्या सरकारी धोरणाचा मुख्य अर्थ मालकीचं घर असाच राहिला आहे. पहिल्या नोकरीच्या, बदलीच्या, शिक्षणाच्या तीन-चार वर्षांत माणसाला मालकी नको असते. त्याला हवी असते कुणी उठवणार नाही अशी एक खोली.

भाचीला घर मिळालं ते एका निवृत्त चार्जमनच्या वरच्या मजल्यावर. पूर्वेचा जिना, कूलर बसेल अशी खिडकी, नळाचं पाणी सकाळी आणि बाकी वेळ बोअरचं. काकूंनी तिला आधी चहा दिला आणि मग प्रश्न विचारले. काकांनी प्रश्न विचारण्याऐवजी आधार कार्डाच्या दोन प्रती मागितल्या, एक स्वतःसाठी आणि एक पोलीस ठाण्यात द्यायच्या भाडेकरूच्या माहितीसाठी. भाडं सात हजार ठरलं. करारावर मात्र गाडी अडली. काका म्हणाले, नोटरी पुरे. आम्ही म्हणालो, नोंदवू या, खर्च आमचा. ते थोडे दुखावले. शिकलेली माणसं संशय घेतात असं काहीतरी ते काकूंना म्हणाले.

मग काकूंनीच विषय मुलावर नेला. मुलगा पुण्यात, वाकडला, एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने. त्याच्या फ्लॅटचं भाडं या वरच्या पोर्शनच्या तिप्पट. पहिल्या घराची अनामत मालकाने महिनोन्‌महिने परत दिली नव्हती, ते सांगताना काकूंचा आवाज चढला. दुसऱ्या घराचा करार नोंदलेला होता, त्याची प्रत मुलाने बाबांना फोनवर पाठवली होती. काकांनी चष्मा लावला, फोन काढला आणि तो करार आम्हाला वाचायला दिला. मराठी वाचताना ते मध्येमध्ये अडत, भाची अर्थ सांगे. दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस. अनामत घर सोडताना चावीबरोबरच परत. मालकाने न सांगता घरात यायचं नाही. मुलासाठी या अटी काकांनी आनंदाने वाचल्या होत्या. आता त्याच अटी त्यांच्या जिन्यावर लागू होणार होत्या, आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

शेवटी त्यांनी वहीत नोंदी घेतल्या. एक महिन्याची नोटीस मान्य. अनामत एका महिन्याची मान्य, पण ती चावीबरोबर परत देण्याऐवजी विजेचं शेवटचं बिल आल्यावर. हे आम्हालाही रास्त वाटलं. न सांगता यायचं नाही या अटीत त्यांनी गच्चीवरची टाकी बघायला जाण्याचा अपवाद घालून घेतला. वेगळ्या मीटरचं त्यांना दीडशे युनिटांचा हिशेब मांडून दाखवल्यावर पटलं, कारण त्यांचंही बिल कमी होणार होतं. अर्ज ते करणार, खर्च अर्धा-अर्धा. नोंदणीच्या कार्यालयात कोणत्या दिवशी जायचं हे तेवढं राहिलं. सोमवारी काकांचा दवाखाना असतो, मंगळवारी भाचीचा सेमिनार, म्हणून बुधवार ठरला.